सायमन द माँटफर्ट: बंड आणि घर

लेस्टरचा अर्ल सायमन द माँटफर्ट याला पुष्कळदा इंग्लंडच्या संसदेचा जनक म्हटले जाते. जानेवारी १२६५ मध्ये त्याने भरविलेल्या सभेत परगण्यांच्या नाइटांसमवेत नगरांचे प्रतिनिधीही बसले, हे खरे. परंतु या बिरुदाने त्याचे चरित्र उजळण्याऐवजी झाकोळलेच जाते.

सायमन जन्माने फ्रेंच. १२३८ मध्ये त्याने राजा तिसरा हेन्री याची विधवा बहीण एलिनॉर हिच्याशी विवाह केला. पहिल्या पतीच्या मिळकतीतील तिचा न्याय्य वाटा तिला पुरता मिळाला नाही, आणि हे गाऱ्हाणे पतिपत्नींनी वर्षानुवर्षे राजापुढे मांडले. १२५८ च्या ऑक्सफर्ड येथील सुधारणांविषयीची त्याची तळमळ खोटी नव्हती. तथापि तिच्यापासून हे घरचे दुखणे वेगळे काढता येत नाही. मे १२६४ मध्ये ल्यूइसच्या रणांगणावर राजा त्याच्या हाती सापडला. पुढे सत्तेचा लाभ मुलांकडे वळू लागला, तेव्हा गिल्बर्ट द क्लेअरसारखा सहकारी दुरावला. ४ ऑगस्ट १२६५ रोजी ईव्हशॅम येथे सायमन आणि ज्येष्ठ पुत्र हेन्री दोघेही पडले. लेस्टरमधून ज्यूंना हद्दपार करणारी सनदही याच लोकनायकाची, हे विसरून चालणार नाही.

लोकांनी त्याच्यावर शोकगीते रचली, त्याच्या नावे चमत्कार सांगितले. १२६६ च्या केनिलवर्थ निवाड्याने त्याला संत मानण्यास बंदी केली. १२७१ मध्ये व्हितेर्बोच्या चर्चमध्ये मुलगा गी याने आतेमामे नात्यातील हेन्रीचा सूडाने वध केला, आणि दांतेने त्याला नरकात स्थान दिले. मुलगी एलिनॉर वेल्सच्या राजपुत्राची पत्नी झाली व १२८२ मध्ये बाळंतपणात निवर्तली. तिची कन्या ग्वेन्लियन १३३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत इंग्लंडमधील एका मठात राहिली.

पित्याला संतत्व, पुत्राला नरक, नातीला मठ! एकाच बंडाची ही तीन फळे. म्हणूनच १२६५ मधील एलिनॉरच्या घरखर्चाच्या हिशेबपत्राचे मोल मोठे. त्यात धान्य, मासे आणि मद्य यांच्या नोंदींबरोबर बंदरांच्या नागरिकांना दिलेल्या मेजवान्याही आहेत. नगरे केवळ सभागृहात नव्हे, तिच्या पंगतीतही राखली जात होती. सभेचा वृत्तांत आणि हा हिशेब शेजारी ठेवून वाचणारा चरित्रकारच सायमनला न्याय देऊ शकेल. एरव्ही उरेल तो केवळ पुतळा.