अंबाजोगाईची एसटी आणि जुनं प्रगतिपुस्तक

नेकनूरहून केजमार्गे अंबाजोगाई गाठता येते. तिथल्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. एवढी साधी माहिती आपल्या पोरांपर्यंत पोहोचत नाही, रील मात्र पोहोचते. ती पाहून पंचवीस वर्षांचा तरुण ठरवून टाकतो, मला एडीएचडी आहे. घरी सांगितलं की अब्बू म्हणतात, मोबाईल ठेव; दादी म्हणते, नजर लागली.

दोन्हीकडे घाईच आहे. एडीएचडी रक्ताच्या तपासणीत किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही. डॉक्टरांना तुमचं बालपण विचारावं लागतं, कारण २०१३ च्या डीएसएम-५ निकषांनुसार काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून आणि घर, शाळा, काम अशा किमान दोन ठिकाणी दिसलेली असावी लागतात. म्हणून जुनी प्रगतिपुस्तकं शोधा. जमलं तर अम्मीला सोबत न्या. 'हा पहिल्यापासून आळशी' म्हणणाऱ्या अम्मीलाच सगळं आठवत असतं! नैराश्य, चिंता, अपुरी झोप, थायरॉईड यांनीही लक्ष उडतं. ते न विचारता पाच मिनिटांत गोळी लिहून देणारा असेल, तर दुसरा डॉक्टर गाठा.

पाटीही नीट वाचा. मानसोपचारतज्ज्ञाने एमबीबीएसनंतर याच विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेलं असतं आणि त्याची मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतो, औषध लिहून देत नाही. आधी फोन करून स्पष्ट विचारा, 'मोठ्या माणसांची एडीएचडी तपासणी करता का?' मित्राची गोळी घेऊन पाहू नका. मिथाइलफेनिडेट डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही. रमजानमध्ये डोसची वेळ कशी बसवायची, हेही डॉक्टरांनाच विचारा. त्यात संकोच कसला?

देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणारी सेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. नेकनूरच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येणार, हा प्रश्न ग्रामसभेत लेखी मांडायला हवा. तोवर १४४१६ ही टेलिमानसची मोफत सेवा आहे. तिथे मराठीत बोलता येतं, पुढे कुठे जायचं ते विचारता येतं.

मुलींचं आणखी अवघड. त्या वर्गात दंगा करत नाहीत, नुसत्या हरवून बसतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पुढे हा विषय काढला, तर 'स्थळं येणार नाहीत' म्हणून गप्प केलं जातं. अशी बहीण घरात असेल, तर तिच्याबरोबर अंबाजोगाईच्या एसटीत तुम्ही बसा.