नादपरिचय : तंबोऱ्याचा दोरा आणि जर्मन पंडिताचा नियम

तंबोरा स्वतः गात नाही. गाणाऱ्यास आधार देणे एवढेच त्याचे काम. मैफलीत त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्षही जात नाही. तथापि त्याच्या तारेखाली सरकवलेला सुती दोरा एका श्रेष्ठ जर्मन पंडिताच्या नियमास अपवाद ठरला, ही हकीकत वाचकांनी अवश्य जाणून घ्यावी.

१८६३ साली हायडेलबर्ग येथील प्राध्यापक हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी स्वरसंवेदनेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तारेतून मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूक्ष्म स्वरही निघतात, हे त्यांनी त्यात विशद केले. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी पूर्वी सांगितलेला नियमही त्यांनी मांडला. तार जेथे छेडावी, तेथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर उमटत नाही. तार नेमकी मध्यावर छेडली, तर दुप्पट कंपनांचा स्वर लोपतो.

१९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी वीणा व तंबोरा यांवरील निबंध प्रसिद्ध केला. या वाद्यांत जो उपस्वर लोपावा, तोच स्पष्ट ऐकू येत होता. नियम खोटा नव्हता. घोडी निराळी होती. व्हायोलिनची तार घोडीच्या अरुंद कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित गोलाकार असते, आणि कंप पावणारी तार तिला पुनःपुन्हा स्पर्श करते. हा स्पर्श दोऱ्याने बेतला जातो. त्यातून उमटणाऱ्या झंकारालाच आपण जवारी म्हणतो. पुढे १९२७ साली बर्लिनच्या भौतिकशास्त्रकोशात रामन यांचे वाद्यांवरील प्रकरण छापले गेले.

जे प्रयोगशाळेत १९२१ साली सिद्ध झाले, ते मिरजेचे शिकलगार कारागीर केवळ कानाच्या साक्षीने साधत आले होते. शस्त्रांना धार लावणाऱ्या या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले.

आज विजेवर चालणारा तंबोरा घरोघरी आहे. तो सोयीचा खरा. परंतु त्याची जवारी कोणास लावावी लागत नाही. खऱ्या तंबोऱ्याची घोडी मात्र झिजते. ती घासून पुन्हा बोलती करावी लागते. करारावर सही-अंगठा देऊन समुद्र ओलांडलेल्या आपल्या अनेक पूर्वजांजवळ ग्रंथ नव्हते. होते ते कंठात आणि हातात. म्हणून मंडळाने तंबोरा आणविला, तर एखाद्या तरुणास जवारी लावण्यासही शिकवावे. वाद्य विकत मिळते. हात मात्र घडवावा लागतो.