एक ना धड?

‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ही म्हण ज्याने काढली, त्याला स्वतःला एकही गोष्ट धड येत नसावी, असा माझा दाट संशय आहे. ज्याला काही येतं तो दुसऱ्याच्या चिंध्या मोजत बसत नाही. आमच्या ओळखीचे एक रसिकाग्रणी मात्र ही म्हण पानाच्या डब्यासारखी बरोबर बाळगतात. हँक जोन्स या अमेरिकन जॅझ पियानोवादकाचं नाव काढा, लगेच म्हणतील, ‘‘हात गोड हो त्याचा. पण टेलिव्हिजनच्या ऑर्केस्ट्रात नोकरी धरलीन्. संपला!’’

संपला काय, संपला?

चार्ली पार्करबरोबर रेकॉर्डिंग केलेला, १९४८ ते १९५३ एला फिट्झेराल्डची साथ केलेला हा माणूस १९५९ साली सीबीएस कंपनीत पगारावर रुजू झाला आणि पंधरा-सोळा वर्षं तिथे राहिला. आज गायिकेच्या मागे वाजवायचं, उद्या नटाच्या. पुढ्यात येईल तो कागद वाचायचा, गाणाऱ्याचा श्वास कुठे तुटणार हे त्याच्या आधी ओळखायचं, आणि एवढं करून आपण तिथे आहोत याचा कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. एकाच रागाची तीस वर्षं उपासना करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. (दोन तास ऐकल्यावर तो किंचित ओसरतो, ही गोष्ट वेगळी.) पण हेही येऱ्यागबाळ्याचं काम नोहे!

१९ मे १९६२ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मेरिलिन मन्रोने अध्यक्ष केनेडींना वाढदिवसाच्या शुभेच्छा गाऊन दिल्या. बाईंचा झगा साऱ्या जगाच्या लक्षात राहिला. त्यांचे सुस्कारे सांभाळत पियानोवर कोण बसलं होतं? हेच ते ‘संपलेले’ जोन्स! आपल्याकडे तरी काय वेगळं? साथीदारांचे आभार मानायची वेळ येते तेव्हा निम्मी मंडळी चपला शोधत असतात.

खरी गोम अशी, की आमच्या रसिकांना कलावंत उपाशी लागतो. स्वतःला एक तारखेला पगार हवा, दिवाळीला बोनस हवा, भविष्यनिर्वाह निधी हवा. वादकाने मात्र घरभाडं थकवून, खोकत खोकत अमर व्हावं. आणि जोन्स तर काळा माणूस. टेलिव्हिजनच्या ऑर्केस्ट्रांची दारं काळ्या वादकांना मुश्किलीने किलकिली होत होती, त्या काळातला. त्याने ती नोकरी नाकारायची कुणासाठी? आमच्या रसिकाग्रणींच्या समाधानासाठी?

नोकरी सुटली तेव्हा तो सत्तावन्नच्या आसपास होता. या वयात आमच्याकडे माणसं निरोपसमारंभाचा हार घालून घेतात. याने रॉन कार्टर आणि टोनी विल्यम्स यांच्याबरोबर ‘ग्रेट जॅझ ट्रिओ’ काढला, १९७८ साली ब्रॉडवेवर ‘एन्ट मिसबिहेविन’मध्ये पियानो वाजवला, आणि २०१० साली एक्याण्णवाव्या वर्षी गेला तो जवळजवळ शेवटपर्यंत वाजवत. १९९५ साली चार्ली हेडनबरोबरची त्याची ‘स्टील अवे’ निघाली. नुसता पियानो आणि डबल बेस. बहुतेक काळ्या लोकांची जुनी भजनं. तेव्हा जोन्स शहात्तर वर्षांचा होता. ती ऐकावी, आणि मग चिंध्या मोजायला बसावं.