बॅकअपचा डबा जोडताना

आमच्या छोट्याशा कार्यालयात चार संगणक आहेत. लोकांची विवरणपत्रे, दुकानांचे हिशेब, घराचे कागद असे सगळे त्यांत असते. बॅकअपसाठी एक हार्ड डिस्क होती, पण ती कायम मुख्य संगणकालाच लावलेली असे. एका सकाळी पाहतो तो एकही फाईल उघडेना आणि पडद्यावर खंडणीची मागणी! डिस्कवरच्या फायलींचीही तीच गत. मग लोकांकडे पुन्हा कागद मागत फिरावे लागले. त्यांनी विश्वासाने ठेवलेली ती अमानत होती. मागताना मान वर होत नव्हती.

त्यानंतर आम्ही 'नॅस' घेतला. हा दोन किंवा अधिक डिस्क बसणारा डबा असतो. तो एका संगणकाला न जोडता केबलने नेटवर्कच्या स्विचला जोडायचा, म्हणजे सर्व संगणकांचा बॅकअप तिथे जातो. राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवावा. नाहीतर पत्ता बदलतो, बॅकअप बंद पडतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. वीज गेली तर डबा नीट बंद व्हावा म्हणून तो यूपीएसवर ठेवावा.

केबल आणि स्विच गिगाबिटचे असावेत. जुन्या १०० एमबीपीएसच्या स्विचवर ५०० जीबी माहिती जायला साडेबारा तास लागतात. गिगाबिटवर मोठ्या फायली असतील तर तेच काम सव्वा-दीड तासात होते. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी तार सैल असली तर वेग गुपचूप १०० वर येतो. आमच्याकडे नेमके हेच झाले होते.

डब्यात दोन डिस्कवर एकच माहिती ठेवता येते. एक डिस्क बिघडली तरी दुसरी काम चालवते. पण फाईल चुकून पुसली तर ती दोन्हीकडून पुसली जाते. म्हणून याला बॅकअप समजू नये.

खरी गोष्ट पुढेच आहे. डबा नेटवर्कवर आला म्हणजे नेटवर्कवर शिरणारा चोरही त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम विंडोजच्या फाईल शेअरिंगमधल्या त्रुटीतून एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरत दीडशेहून अधिक देशांत पोहोचला. ती त्रुटी बुजवणारे अपडेट दोन महिने आधीच आले होते. ज्यांनी ते टाकले नव्हते, ते सापडले.

म्हणून आम्ही चार नियम केले आहेत. बॅकअपसाठी वेगळे खाते आणि वेगळा पासवर्ड; रोजच्या कामाच्या खात्यातून तिथे लिहिता येत नाही. डबा थेट इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही. अपडेट वेळेवर टाकायचे. आणि दर शुक्रवारी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढून ती केबलपासून सोडवायची व घरी कपाटात ठेवायची. जी डिस्क जोडलेलीच नाही, तिच्यापर्यंत कोणताही प्रोग्राम पोहोचत नाही.

महिन्यातून एकदा आम्ही त्या प्रतीतून एखादी फाईल परत काढून उघडून पाहतो. पहिल्याच वेळी एका संगणकाचा बॅकअप होतच नसल्याचे कळले. आपल्या दुकानात, शाळेत किंवा संस्थेत असा डबा असेल, तर आजच एक फाईल परत काढून पाहा. ती उघडली तरच बॅकअप आहे असे म्हणा.