सूफी मैफिली आणि भगत कंवररामांचे विस्मरण

थंडीची चाहूल लागली की मुंबईत सूफी संगीताचा हंगाम सुरू होतो. हॉर्निमन सर्कलच्या उद्यानात 2001 पासून भरू लागलेल्या 'रुहानियत' महोत्सवाने या मैफिलींना प्रतिष्ठा मिळवून दिली. राजस्थानचे मांगणियार, बंगालचे बाऊल, कबीराची पदे गाणारे माळव्यातील गायक आणि कव्वाल एकाच मंचावर ऐकायला मिळतात म्हणून बोरिवली-मुलुंडचा रसिक शेवटच्या लोकलचे गणित मनाशी बांधून फोर्टात जातो. उपनगरांतील नाट्यगृहांतही आता 'सूफी' या शब्दावर तिकिटे खपतात. कधी कधी चित्रपटातली चार प्रेमगीतेही त्याच नावाखाली खपवली जातात, तो भाग वेगळा.

गाण्याविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. कमायचा छेडणारा मांगणियार धर्माने मुसलमान असतो, पण त्याचे यजमान पिढ्यान्पिढ्या प्रामुख्याने हिंदू राजपूत आहेत आणि त्यांच्या घरच्या मंगलकार्यात तो देवीची व कृष्णाची गाणी गातो. या मातीने त्याला घडवले आहे. खटकते ते निवेदन. सूफी म्हणजे सहिष्णुता, सूफी म्हणजे प्रेम, असे एका ठोकळ्यातले वाक्य दर मैफिलीत ऐकवले जाते आणि इतिहासाची उरलेली पाने न उलटताच टाळ्या वाजतात.

सूफी हा एकच एक पंथ नव्हे. चिश्ती परंपरेने संगीताला उपासनेत स्थान दिले, तर नक्शबंदी परंपरेने सामान्यतः ते वर्ज्य मानले. याच नक्शबंदी परंपरेतील शेख अहमद सरहिंदीने गुरू अर्जुनदेवांच्या हत्येबद्दल आपल्या पत्रात समाधान व्यक्त केले आहे. आणि याच 'सूफी' नावाखाली सिंधमधील शाह अब्दुल लतीफही येतो, जो योग्यांच्या मेळ्याबरोबर हिंगलाजची वाट चालला आणि ज्याने आपल्या काव्यात त्या योग्यांचे गुण गायिले. दोघांना एकाच विशेषणात कोंबणे हा लतीफवरच अन्याय आहे.

लतीफचे नाव निघाले की सिंधची आठवण अपरिहार्य ठरते. मुलुंड कॉलनी, चेंबूर कॅम्प, उल्हासनगर या वस्त्या ज्यांनी उभ्या केल्या, ते 1947 साली घर, शेत, दुकान मागे टाकून आले. सोबत आणले ते झूलेलाल, गुरुवाणी आणि शाह, सचल, सामी या तिघांचे काव्य. यांतील सामी म्हणजे वेदान्त सिंधीत सांगणारे चैनराय. घर गमावलेल्या हिंदूने शाह आणि सचल या मुसलमान कवींचे काव्य उराशी धरून ठेवले. सहिष्णुतेचे याहून मोठे उदाहरण कोणते? मैफिलीच्या मंचावरून मात्र ते कधी ऐकू येत नाही.

ऐकू येत नाही असे आणखी एक नाव म्हणजे भगत कंवरराम. सक्कर जिल्ह्यातील जरवार गावी 1885 साली त्यांचा जन्म झाला. 'भगत' हा सिंधचा स्वतःचा प्रकार आहे. पायात घुंगरू, अंगात घोळदार जामा, रात्रभर गायन, नर्तन आणि मध्येच निरूपण. मराठी वाचकाला कीर्तनाची आठवण व्हावी असेच ते रूप. कंवरराम सूफी कलाम गात आणि संतांची भजनेही गात. झोळीत जमलेले पैसे गरिबांना वाटून टाकत. त्यांच्या श्रोत्यांत मुसलमानही मोठ्या संख्येने असत. आजच्या निवेदकांना हवे असलेले 'सूफी ऐक्य' या माणसाने आयुष्यभर गाऊन दाखवले होते.

त्याचे फळ काय मिळाले? मंजिलगाहच्या वादाने सक्कर परिसर धुमसत असताना, 1 नोव्हेंबर 1939 रोजी रुक स्थानकावर गाडीत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. आशीर्वाद मागण्याच्या मिषाने जवळ आलेल्या मारेकऱ्यांच्या हाती त्यांनी प्रसादाची द्राक्षे ठेवली, अशी आठवण सिंधी घरांत सांगितली जाते. त्यानंतर सक्करमध्ये हिंदूंची जी कत्तल झाली, ती पुढच्या फाळणीची नांदी होती. भारत सरकारने 2010 साली कंवररामांचे टपाल तिकीट काढले. त्यापलीकडे सिंधी समाजाबाहेर हे नाव कितीजणांना ठाऊक आहे?

1939 ची गोळी तिथेच थांबली नाही. कराचीत 22 जून 2016 रोजी कव्वाल अमजद साबरी यांना भर रस्त्यात मारण्यात आले. 16 फेब्रुवारी 2017 रोजी सेहवान येथे लाल शाहबाज कलंदरच्या दर्ग्यात झालेल्या स्फोटात ऐंशीहून अधिक माणसे मेली. या वेळी मारले गेलेले मुसलमान होते. हिंदू गायकावर बंदूक रोखणारी वृत्ती पुढे स्वधर्मीय गायकावरही उलटते, हे पाकिस्तानने सिद्ध केले. मांगणियार आणि कव्वाल मुंबईत निर्धास्तपणे गातात, ते ज्या समाजाच्या स्वभावामुळे, त्या समाजाचा साधा उल्लेखही निवेदनात नसावा, हे नवल आहे.

मात्र सगळे खापर आयोजकांवर फोडून चालणार नाही. सिंधीला 1967 साली आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. राष्ट्रगीतातील 'सिंध' शब्द सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली कायम ठेवला. पण मुंबईतल्या सिंधी घरांतील किती नातवंडे आज आजोबांची भाषा वाचू शकतात? मराठी शेजाऱ्याला तरी पलीकडच्या इमारतीत कोणते काव्य गुणगुणले जाते, याची कुठे कल्पना आहे? कच्छी बोली सिंधीला इतकी जवळची आहे की शाह लतीफच्या वाई कच्छच्या गावांतूनही गायिल्या जातात. घाटकोपर-मुलुंडच्या कच्छी कुटुंबांना हे गाणे परके वाटू नये. रसिक उपनगरांत आहेत, भाषेचे वारसदारही तिथेच आहेत, आणि महोत्सवासाठी गाडी मात्र फोर्टकडची पकडावी लागते.

1 नोव्हेंबर ही तारीख नेमकी या हंगामाच्या तोंडावर येते. त्या रात्री मुलुंड किंवा घाटकोपरच्या एखाद्या सभागृहात सिंधी पंचायत, कच्छी मंडळे आणि मराठी भजनी मंडळे यांनी एकत्र येऊन भगत उभी करावी, मांगणियारांनाही बोलवावे, आणि गाणे सुरू होण्यापूर्वी रुक स्थानकावर काय घडले ते सांगावे.