गणित की जीवशास्त्र?

दहावी झालेली मुले आमच्या उमरग्यात नेहमी विचारतात, "सर, गणित घेऊ की जीवशास्त्र?" मी भौतिकशास्त्र शिकवितो, तरी माझे उत्तर एकच : झेपत असेल तर दोन्ही घ्या.

काही रक्तकर्करोगांवरील 'नेक्सकार १९' या उपचाराला २०२३ साली भारतात मान्यता मिळाली. यात रुग्णाच्या टी-पेशी काढून त्यांत नवे जनुक घालतात. त्यामुळे पेशीच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडाचा तुकडा उगवतो. तो बी-पेशींवरील 'सीडी १९' हे प्रथिन ओळखतो आणि टी-पेशी त्या रोगट पेशींचा नाश करतात.

मुंबईची आयआयटी व टाटा स्मारक रुग्णालय एकत्र आले, तेव्हा हे साधले. खर्च परदेशाच्या सुमारे एक दशांश, पण तरीही लाखांत! तो गरिबाच्या आवाक्यात आणायला दोन्ही विषय जाणणारी मुले हवीत. ती उमरग्यातून का निघू नयेत?