उत्सर्ग, अपवाद आणि फ्रेमवर्क

साहित्याच्या अध्यापकांनी वेब फ्रेमवर्कविषयी बोलावे का, असे कुणी विचारील. आमचे म्हणणे असे की, जिथे नियम, संकेत आणि अपवाद यांचा प्रश्न येतो, तिथे भाषेच्या अभ्यासकाला बोलण्याचा अधिकार आहेच.

वेब फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळाची आज्ञावली लिहिण्यासाठी मिळणारा तयार सांगाडा. २००० नंतरच्या काही वर्षांत जावा भाषेतील ‘स्ट्रट्स’ वापरणाऱ्याला कोणत्या पत्त्यावरची मागणी कोणत्या क्लासने हाताळायची, नंतर कोणते पान दाखवायचे, हे सारे एका एक्सएमएल फाइलमध्ये लिहून द्यावे लागे. क्लासचे नाव आज्ञावलीत एकदा, या फाइलमध्ये पुन्हा एकदा. एक अक्षर चुकले की काम ठप्प. २००४ साली डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी ‘रूबी ऑन रेल्स’ सर्वांसाठी खुले केले. त्याची भूमिका साधी होती : क्लासचे नाव ‘बुक’ असेल तर माहितीच्या तक्त्याचे नाव ‘बुक्स’ असे गृहीत धरावे, वेगळे असेल तेव्हाच सांगावे.

आम्हांला ही भूमिका परकी वाटली नाही. व्याकरणात सामान्य नियमाला उत्सर्ग म्हणतात, विशेष नियमाला अपवाद. पाणिनीच्या अष्टाध्यायीत अपवाद आपल्या क्षेत्रापुरताच उत्सर्गाला बाधतो आणि मागच्या सूत्रातले पद पुढे अनुवृत्तीने येते, पुन्हा उच्चारावे लागत नाही. सुमारे ४००० सूत्रांत एक भाषा मावली, ती या लाघवामुळे.

यावर आक्षेप असा की, गृहीत धरलेले डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सारे स्पष्ट लिहिलेलेच बरे. आक्षेपात तथ्य आहे. रेल्सचा वचनविचार इंग्रजीचा आहे. ‘पर्सन’चे ‘पीपल’ त्याला कळते. पण रोमन लिपीत ‘पुस्तक’ असे नाव द्या, तो ‘पुस्तक्स’ नावाचा तक्ता शोधत बसतो. मात्र यावर उपाय म्हणून प्रत्येकाकडून शंभर ओळी लिहून घेणे हा न्याय नव्हे. संकेत थोडके व जाहीर असावेत, आणि अपवाद एका ओळीत, ठरलेल्या जागी नोंदवता यावा. रेल्समध्ये तशी सोय आहे. जावाच्या जगालाही पुढे हाच मार्ग धरावा लागला : २००९च्या सर्व्लेट ३.०मध्ये जुळणीची एक्सएमएल फाइल ऐच्छिक झाली आणि २०१४च्या ‘स्प्रिंग बूट’ने गृहीतकांवरच घर उभारले.

मोठ्या कंपनीत जुळणीसाठी वेगळा माणूस नेमता येतो. मराठी विभागात तो कुठून आणावा? जुन्या नियतकालिकांची सूची महाजालावर आणण्याचे आम्ही ठरवले, तेव्हा एका हौशी विद्यार्थ्याच्या दोन सुट्ट्या जुळणीतच संपल्या. तो उत्तीर्ण होऊन गेला. त्या फाइली उलगडणारा कुणी उरला नाही. सूची अजून कपाटातच आहे.

क्लिष्टतेलाच विद्वत्ता समजण्याची खोड आमच्या समीक्षेतही आहे. परिभाषेखाली कविता दिसेनाशी करणारे लेख आम्ही वाचले आहेत. प्रांजळपणे सांगायचे तर लिहिलेही आहेत. म्हणूनच फ्रेमवर्क रचणाऱ्यांना आमचे सांगणे आहे : तुम्ही वाढवलेली प्रत्येक सक्तीची ओळ कुणाला तरी दाराबाहेर ठेवते, आणि बाहेर राहणारा बहुधा तोच असतो, ज्याच्यापाशी महाजालावर आणण्याजोगे काही असते.